तिच्या वाट्याचं दूध

त्या दिवसांत मी देवीशी बोलणं टाकलं होतं. दिवा लावायचे, हात जोडायचे, पण तोंड मिटलेलं. आमच्या घरात सटवाईचं मोठं प्रस्थ. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी संध्याकाळी तिची पूजा मांडायची, पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, मग ती येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, अशी आमची श्रद्धा. मिरजेत आमच्या गल्लीतल्या किती घरच्या पाचव्या मी मांडल्या असतील, त्याची गणती नाही. आणि माझ्या एकुलत्या एका लेकीची मुलगी, पूर्ण दिवस भरलेले, आज-उद्या कळा सुरू होतील असं डॉक्टर म्हणत होत्या, ती पोटातच गेली. जिच्या कपाळी काही लिहायचं, तिला या बाईनं डोळे उघडू दिले नाहीत. मग बोलायचं तरी काय हिच्याशी?

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण माझी लेक शर्वरी आणि जावई निखिल दोघंही बेंगळुरूत नोकरीला, तिच्या डॉक्टरही तिथल्याच. "आई, या वेळी माहेरच इकडे घेऊन ये," असं ती फोनवर म्हणाली होती आणि मी ते अगदी मनावर घेतलं. कितीतरी दिवस माझी तयारी चालली होती. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुंठ, शतावरी, ओवा, वेखंड, अंगाला लावायचं तेल, सगळं बांधून तयार. निघायला एकच दिवस राहिला होता आणि निखिलचा फोन आला. तो फक्त "आई" म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. मला कळायचं ते कळलं. फोन ठेवला, बॅग उघडली, त्यातली झबली, टोपडी, दुपटी बाहेर काढून कपाटात तळाशी कोंबली. बाकीच्या पुड्यांना हात लावला नाही. शेजारणी म्हणाल्या, "हे आता कशाला नेता?" मी म्हटलं, "माझ्या लेकीसाठी नेते." बाळ नसलं तरी बाई बाळंतीणच असते. कंबर तेवढीच धरते, अंग तेवढंच दुखतं. निखिलची आई तो लहान असतानाच गेली आणि आमच्या घरी यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवायला माझ्याशिवाय होतंच कोण?

माझ्या या पुड्यांविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या गल्लीतल्या बायकांची दरवर्षी कुठे ना कुठे यात्रा निघते आणि मी बरोबर असले की कुणी गोळ्या-औषधं घेत नाही. मी आहे ना! पिशवीत असेल ते द्यायचं आणि नसेल तर तिथे मिळेल त्यातून काहीतरी जमवायचं. घाटात एकीला मळमळायला लागलं, तर ड्रायव्हरनं गाडीपुढे बांधायला आणलेलं लिंबू मी मागून घेतलं आणि मीठ लावून तिला चोखायला दिलं. ड्रायव्हर नजर लागेल म्हणून कुरकुरला, मी म्हटलं बाबा, तुझ्या सीटवर ओकली तर काय लागेल ते बघ. श्रीशैलला एकीची दाढ ठणकायला लागली, तर विड्यातली लवंग काढून दाढेत धरायला लावली. हाताला गुण आहे असं सगळ्या म्हणायच्या आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटायचं. देवीनंच हा गुण दिलाय असंही मी म्हणायचे. म्हणायला काय जातं!

बेंगळुरूच्या गाडीत समोरच्या बाकावर एक नवरा-बायको होते, धारवाडला कुणाच्या तरी लग्नाला चाललेले. बेळगाव मागे पडलं आणि त्या बाईंच्या पोटात दुखायला लागलं. तोंड पांढरं, पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. मला खरं म्हणजे कुणाशी बोलायचंही नव्हतं, पण सवय कुठे जाते? चहावाल्याकडून नुसतं गरम पाणी घेतलं, पिशवीतला ओवा आणि सैंधव त्यांना चावायला दिलं, हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यांना ढेकर आला, रंग परत आला. मग त्यांनी ते विचारलं जे बायका विचारतातच. "एवढी पिशवी भरून कुठं चाललाय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लेकीच्या बाळंतपणाला." "काय झालं हो?" "मुलगी." त्या बाई इतक्या हरखल्या की काय सांगू. लक्ष्मी आली म्हणाल्या, आजीचा गुण नातीत उतरो म्हणाल्या, पर्समधून खडीसाखरेची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती घेतली. परक्या बाईच्या पोटातलं दुखणं माझ्या चिमूटभर ओव्यानं जातं आणि माझ्या लेकीच्या पोटाचं काय, हे माझ्या मनात आलं आणि मग वरच्या बाकावर जाऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले.

यशवंतपूरला निखिल घ्यायला आला होता. वाकून पाया पडला आणि तसाच वाकून राहिला, मला त्याला धरून उठवावं लागलं. रडून त्याचा घसा बसला होता. गाडीत त्यानं तुटक तुटक सांगितलं. दवाखान्याच्या लोकांनी मदत केली, त्यानं आणि त्याच्या एका मित्रानं बाळाला इथल्याच स्मशानात पुरलं. इथे स्मशानाला रुद्रभूमी म्हणतात. शर्वरीला डॉक्टरांनी उठू दिलं नव्हतं. तिनं बाळाला एकदा हातात घेतलं, तेवढंच. त्यांच्या बेळ्ळंदूर भागातल्या गर्दीत आमची गाडी जागची हलत नव्हती आणि निखिल स्टिअरिंगवर कपाळ टेकून मला म्हणत होता, "आई, ती बोलतच नाहीये. माझ्याशीही नाही. तुम्ही बघा ना काहीतरी."

मी बघायला घेतलं. मला दुसरं येतं काय? शर्वरी पलंगावर भिंतीकडे पाहत पडलेली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिनं घेऊ दिलं, पण डोळ्यांत पाणी नाही की तोंडातून शब्द नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी उठले आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. त्या घरात मिरपूडही बाटलीतली. शेगडी नाही, पाटा नाही, ओव्याची धुरी द्यावी तर छतावरचं यंत्र कोकलेल म्हणून निखिलनं हात जोडले. मग तव्यावर ओवा तापवून त्याची पुरचुंडी करून तिच्या कंबरेला शेक दिला. निखिलच्या घशासाठी शेजारच्या बाल्कनीतून पानओवा मागून आणला, तिथे त्याला दोड्डपत्रे म्हणतात, त्याची पानं वाफवून रस मधात दिला. आणि शर्वरीला सकाळी अळिवाची खीर, दुपारी शेपूची भाजी आणि भाकरी, मधल्या वेळी डिंकाचा लाडू, संध्याकाळी दुधातून शतावरी. ती चव न घेता गिळायची. चला, पोटात तरी जातंय, असं म्हणत मी पुढची वाटी भरायचे.

मग तिला दूध आलं. असं तसं नाही, अंगावरचे कपडे भिजून चादर भिजेपर्यंत. छाती दगडासारखी झाली, हात वर उचलता येईना, कूस बदलता येईना. दात आवळून पडून राहायची. आणि मी मेली त्या दिवशीही सकाळी अळिवाचीच खीर ढवळत होते. पळी हातात होती आणि मला एकदम उमगलं. बाळंतिणीचं खाणं हे तिच्या ताकदीसाठी असतं आणि दूध यावं म्हणूनही असतं. माझ्या आईनं मला ते एकत्रच शिकवलं, मी ते एकत्रच करत आले, या दोन गोष्टी वेगळ्या करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ज्या घरात प्यायला बाळ नाही, त्या घरात मी दोन्ही हातांनी दूध वाढवत होते. पातेलं सिंकमध्ये उपडं केलं आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. पुढे डॉक्टर म्हणाल्या की तुम्ही काही दिलं नसतंत तरी दूध आलंच असतं, शरीराला काय कळतं? पण त्या वेळी मला वाटलं, बाई, तुझ्या हाताला गुण नाही, आग लागली आहे.

निखिलनं मला बाहेरच्या खोलीत बोलावून सांगितलं, "आई, डॉक्टरांनी दूध थांबायच्या टॅबलेट्स दिल्या होत्या. तिने घेतल्याच नाहीत. स्ट्रिप तशीच आहे ड्रॉवरमध्ये." त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. दूध असंच साठलं तर गाठी होतील, ताप येईल, पू होऊन चिरावं लागेल, असं त्यांना बजावलं होतं. मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन शर्वरीपाशी गेले. तिनं तोंड फिरवलं. मी समजावलं, दटावलं, लहानपणी औषध पाजताना करायचे तसं गालाला धरलं. तेव्हा ती बोलली. मी आल्यापासूनचे तिचे पहिले शब्द. "आई, हे तरी राहू दे ना गं माझ्याकडे." एवढंच बोलून तिनं ओला गाऊन दोन्ही हातांनी छातीशी धरला. मी पेला तसाच परत घेऊन आले. निखिलनं फोनवर वाचून कोबीची गार पानं ठेवून पाहायला सुचवलं, तीही तिनं ठेवू दिली नाहीत. जे म्हणून दूध आटवेल ते तिला नको होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं अंग कोमट लागायला लागलं. माझ्याकडे पिशवीभर मुळ्या, साली, बिया होत्या आणि या दुखण्यावर द्यायला एक काडी नव्हती.

तो पाचवा दिवस होता. पूजेचा दिवस. बॅगेच्या कप्प्यात पाचवीसाठी म्हणून आणलेला खण आणि नारळ तसाच पडला होता, तो मला दिसला आणि माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी आणलं ते राहिलं नाही, मग हे तरी घरात कशाला? निखिलला शर्वरीपाशी बसवलं, खण-नारळ पदराखाली घेतला आणि खाली उतरले. त्या उंच इमारतींच्या मागे जुन्या गावाची एक गल्ली शिल्लक आहे, तिथे अम्माचं छोटं देऊळ येताना गाडीतून पाहिलं होतं. सटवाई नसेल, पण बाईच ना ती? आत कुणी नव्हतं. मी नारळ न फोडता तसाच पायरीवर ठेवला आणि म्हटलं, "घे तुझं. पोर नेलीस, आता दुसरीला ताप चढतोय, तिलाही नेणार आहेस का? तोंड उघड की." मोठ्यानं बोलत होते हे माझ्या लक्षातच आलं नाही. मग मी खांबाला टेकून खाली बसले.

"तुमी मराठी काय हो अक्का?" मागून कुणी तरी विचारलं. माझ्याहून थोड्या वयानं मोठ्या, काठाचं लुगडं नेसलेल्या एक बाई, हातात केळीच्या पानाचा पुडा. आपण सरोजाक्का, असं म्हणाल्या, त्यांचं घर तीन-चार पिढ्यांपासून बेंगळुरूत, यजमानांचं कापडाचं दुकान. त्यांची मराठी आमच्या मराठीपेक्षा वेगळी, जुनी आणि कानडी मिसळलेली, पण त्या परगावात ती कानावर पडली आणि मला हुंदका आवरेना. "स्वल्प बसा. रडा. गडबड काय आहे?" त्या माझ्या शेजारी पायरीवरच टेकल्या. मी सांगितलं, जे गाडीतल्या बाईंना सांगता आलं नव्हतं ते सगळं. त्यांनी देवीची इच्छा म्हणून मला गप्प केलं नाही. फक्त विचारलं, "दूध आलंय काय तिला?"

मी मान हलवली. त्यांनी हातातला पुडा उघडला. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या, घट्ट ओवलेल्या, हातभर लांबीच्या कितीतरी माळा. दर मंगळवारी त्या अम्माला वाहायच्या. गाभाऱ्यासमोर उभ्या राहून त्या कानडीत काहीतरी बोलल्या, घरातल्या थोरल्या जावेशी बोलावं तशा, आणि पुडा तसाच्या तसा माझ्या ओटीत ठेवला. "ही फुलं छातीला बांधा. आमच्यात बांधतात. माझी दोन दिवसांची लेक गेली तेव्हा अत्तेनं, सासूनं, मला बांधली होती. किती दिवस बांधली ते आता आठवत नाही, पण उतरलं. ताप वाढला तर मात्र डॉक्टरकडेच जायचं, सरी?" मी म्हटलं, "अहो, ही देवीची फुलं." त्या म्हणाल्या, "तिला विचारलं मी. आज नक्को म्हणाली." मी वळून पाहिलं. अम्माच्या गळ्यात एक फूल नव्हतं. मी माझा खण-नारळ परत उचलला नाही, तो तिथेच राहिला, पण आता ठेवून आले तो रागानं नव्हे.

शर्वरीनं मात्र फुलंही बांधू दिली नाहीत. कशासाठी आणली ते मी लपवलं नाही, तिला फसवून काही करायचं माझ्यानं झालं नसतं. ती म्हणाली, "देवीला सांग, मला काही नको." माळा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. निखिल डॉक्टरांशी फोनवर बोलला, त्यांनी तापाची गोळी द्यायला सांगितली आणि सकाळी उतरला नाही तर घेऊन या म्हणाल्या. मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत बसले. फुलं मिळाली तेव्हा मला वाटलं होतं की झालं, देवीनं ऐकलं. आता ते आठवून माझं मलाच हसू येत होतं. एवढं सोपं असतं होय?

सकाळी ताप नव्हता, पण छाती तशीच. आणि सरोजाक्का आल्या. आदल्या संध्याकाळी मी इमारतीचं नाव सांगितलं होतं, तेवढ्यावर विचारत विचारत, हातात ताज्या माळांचा पुडा घेऊन. शर्वरीच्या खोलीत गेल्या, तिच्या पायाशी बसल्या, तळव्यावरून हात फिरवत राहिल्या. फुलांचं नाव काढलं नाही. बऱ्याच वेळानं निखिलला विचारलं, "हालु-तुप्पा घातलं काय बाळाला?" आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं की इथल्या बऱ्याच घरांत माणूस पुरलं की तिसऱ्या दिवशी त्या जागी जाऊन दूध-तूप घालतात. राहून गेलं तर नंतर घालतात. शेवटचं भरवणं ते. निखिल म्हणाला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात पलंगावर हालचाल झाली. शर्वरी कोपरावर उठून बसली होती. "माझं दूध चालेल का?" तिनं विचारलं. सरोजाक्का म्हणाल्या, "तिचंच की ते, मगा, बाळा. दुसऱ्या कुणाचं घालायचं?"

मी आडवी आले, हे कबूल करते. सहा दिवसांची बाळंतीण आणि स्मशानात? आमच्याकडे सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही आणि बाईमाणसानं स्मशानाची पायरी चढायची नाही, वारा लागतो, बाधा होते, जन्मभराचं दुखणं मागे लागतं. मी घडाघडा सगळं म्हटलं. शर्वरीनं मला थांबवलं नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत होती आणि त्या डोळ्यांत इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी होतं. माझ्या तोंडचे नियम तोंडातच विरले. आयुष्यभर मी यांना त्यांना काय करा, काय करू नका, ते सांगत आले. त्या क्षणी मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मनात देवीला म्हटलं, आई, आता तूच बघ, माझ्याच्यानं होत नाही. मग उठले, एक छोटा स्टीलचा डबा उकळत्या पाण्यानं धुतला आणि तिच्या हातात दिला. तिच्या डोक्याला रुमाल बांधला, कानांत कापूस घातला. तेवढं तरी माझ्या मनासाठी.

रुद्रभूमीत सकाळचं कुणी नव्हतं. एका कोपऱ्यात लहान मुलांची जागा आहे, तिथे निखिलनं आम्हाला नेलं. मातीचा उंचवटा केवढासा, माझ्या दोन ओंजळींएवढा. शर्वरी खाली बसली. डब्याचं झाकण उघडलं, सरोजाक्कांनी चमचाभर तूप घातलं आणि बाजूला झाल्या. तिनं दूध हळूहळू, थांबत थांबत घातलं, मूल ठसकू नये म्हणून पाजतात तसं. माती सुकी होती. घातलेलं दूध वर राहत नव्हतं, लगेच आत जात होतं. ते पाहिलं आणि शर्वरी रडली. तोंडावर हात न घेता, जमिनीवर हात टेकून, पोटातून रडली. निखिल तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि तोही रडला. मी उभी होते. मला कुणाला काही द्यायचं नव्हतं, चोळायचं नव्हतं, शेकायचं नव्हतं.

घरी आल्यावर आंघोळ झाली आणि तिनं स्वतःहून मला हाक मारली. "आई, ती फुलं बांध." मी माळा पसरल्या, वर मऊ पंचा गुंडाळला. ड्रॉवरमधली गोळीही तिनं मागून घेतली. फुलं दिवसातून दोनदा बदलायची. दूध थोडं थोडं कमी होत गेलं आणि एका सकाळी बांधलेला पंचा कोरडा निघाला. फुलांनी गेलं की गोळीनं की रडण्यानं, ते मला माहीत नाही आणि मी कुणाशी वादही घालत नाही. निखिलनं डॉक्टरांना फुलांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बांधा की, काही बिघडत नाही." सरोजाक्का रोज फुलं घेऊन यायच्या, कधी बसायच्या, कधी दारातूनच जायच्या. मंगळवार आला तेव्हा मी म्हटलं, आज तरी अम्माला वाहा. त्या म्हणाल्या, "तिची सोय मी बघते. तुम्ही पोरीची बघा."

मला वाटायचं, देवाला शरण जायचं म्हणजे झालं ते बरं झालं म्हणायचं. ते मला आजही म्हणता येत नाही. माझी नात गेली हे बरं झालं नाही आणि तसं म्हणावं अशी कुणी देवी माझ्याकडून अपेक्षा करत असेल तर करू दे. पण एक शिकले. माझी पिशवी जिथे रिकामी झाली, माझे नियम जिथे संपले, तिथे मी हात सोडले आणि कुणीतरी ते धरले. पायरीवर येऊन बसलेल्या त्या बाईच्या रूपानं धरले की आणखी कशाच्या, हे विचारायची मला गरज वाटत नाही. स्वतःच्या वाट्याची फुलं माझ्या लेकीला देणारी कुणी असेल, तर तिचं ऋण माझ्यावर आहे आणि ते फिटणारं नाही.

मी निघायच्या आदल्या दुपारी शर्वरी माझ्याजवळ येऊन आडवी झाली. मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती म्हणाली, "आई, ती उपाशी गेली असं मला सारखं वाटायचं. झोपेतसुद्धा. आता नाही वाटत." मी तेलाचा हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला, तिला झोप लागली. मी हलले नाही.